गोड गोष्टीसाठी ऊस कोण तोडतं?

का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून दिवाळी अंकांचा फराळ चालू आहे. त्यातली एक गोष्ट तर आता आपल्याला तोंडपाठ झालीय. शहरातला पोरगा सुट्टीत मामाच्या गावाला येतो. मळा, विहीर, उसाचा फड. शेजारच्या वाड्यातली पोरगी. भाऊबीज झाली की एसटी सुटते, डोळ्यांत पाणी येतं, अन् पुढच्या दिवाळीपर्यंत अक्षता पडतात. जातीत जात बसते, बांधाला बांध लागतो. सगळं कसं गोड गोड!

लेखकराव, तुमच्या गोष्टीतल्या गावात महारवाडा कुठाय? मांगवाडा कुठाय? विहीर आहे, पण त्या विहिरीवर कुणाला चढू देत नव्हते ते नाही. फड आहे, पण तोडणारा नाही. काय, ऊस आपोआप तुटतो?

आमचा प्रेमावर राग नाही. सूतगिरणीत रिंगखात्याला तिसरी पाळी करणाऱ्यालाही कुणीतरी आठवतंच. त्याच्या कानात मशिनीचा आवाज असला म्हणून काळीज बहिरं होत नाही. राग आहे तो प्रेमाचा सातबारा तुम्ही एकाच आळीच्या नावावर केला त्याचा.

तुमचा नायक एसटीतून उतरतो त्याच दिवसांत बीडकडची माणसं बिऱ्हाड ट्रॅक्टरात घालून फडाकडं निघतात. बौद्ध, मातंग, वंजारी, बंजारा. नवरा-बायको दोघं मिळून एक कोयता. एकटा असला तर अर्धा कोयता. मुकादम उचल देतो ती जोडीला, म्हणून पोरीचं लग्न न्हाणीघरातनं बाहेर पडायच्या आत उरकतात. अशी जोडी जमते, लेखकराव. पाचटाच्या कोपीत तिचा संसार. खाडा पडला की पैसे कापले. २०१९ साली सरकारी समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली. १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. तुमच्या चहात, करंजीत जी साखर पडते ती ह्या फडातून येते.

आणि वस्तीतला पोरगा गोष्टीत शिरलाच तर? २८ एप्रिल २०१४. तेव्हाचा अहमदनगर जिल्हा, जामखेड तालुका, गाव खर्डा. सतरा वर्षांचं दलित पोर. सवर्ण मुलीशी प्रेम आहे या संशयावरून मारलं अन् झाडाला लटकवलं. कोर्टात साक्षीदार फिरले. नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. ही पण गावातल्या प्रेमाचीच गोष्ट. कुठल्या फराळाच्या ताटात वाढणार?

२०१६ साली नागराज मंजुळेंचा ‘सैराट’ आला. पाटलाची पोरगी, मासे धरणाऱ्याचा पोरगा. अर्ध्या पिच्चरला थेटरं नाचली. शेवटी पडद्यावरचा आवाज बंद झाला तसं थेटर गप. पण लग्नाच्या वरातीत काय वाजतंय? पहिलं अर्धंच. गाणं घेतलं, रक्त पुसलं. लोकांना गोड तेवढं पायजे.

बाबासाहेबांनी १९३६ सालीच लिहून ठेवलं की जात मोडायला आंतरजातीय लग्न हाच खरा उपाय. म्हणजे प्रेम ही आमच्यासाठी सुट्टीतली गंमत नाही. ते व्यवस्थेच्या मुळावर घातलेलं कुऱ्हाडीचं पातं आहे. म्हणून तर ते गावाला एवढं झोंबतं. अन् म्हणून तुम्ही ते साखरेत घोळून, बोथट करून छापता.

तेव्हा दोस्तांनो, ह्या गोड गोष्टींवर नुसतं थुंकून भागायचं नाही. आपणच लिहायला पायजे. मोळी बांधता बांधता कुणाकडं तरी बघून हसणारी बाई लिहा. तिच्या पायातलं उसाचं कुसळ काढणारा नवरा लिहा. गाव सोडून पळालेली अन् जगलेली जोडपी लिहा. आपलीही माणसं हसतात, रुसतात, जीव लावतात. पण लिहिताना फड कुणाचा, कोयता कुणाचा, विहीर कुणाची, हे गाळू नका. मग होऊ द्या ती गोष्ट हवी तेवढी गोड.