यमुना घाण कुणी केली?

मागच्या हिवाळ्यात दिल्लीतल्या एका परिसंवादाला गेले होते. विषय यमुनेचं पुनरुज्जीवन. पडद्यावर नदीकाठच्या झोपड्यांचा फोटो आला, खाली एकच शब्द : अतिक्रमण. मी हात वर करून विचारलं, ज्या झोपडीत संडासच नाही तिचं सांडपाणी कोणत्या पाइपातून नदीत जातं? उत्तर आलं, "प्रत्येक गोष्टीत जात आणू नका." जात हा शब्द मी उच्चारलाच नव्हता. आडनाव मात्र गळ्यातल्या कार्डावर होतं.

तर आता उच्चारते.

यमुना जवळपास १,३७६ किलोमीटर वाहते. त्यात वझिराबाद ते ओखला हा दिल्लीतला तुकडा २२ किलोमीटरचा, म्हणजे दोन टक्केही नाही. नदीतल्या प्रदूषणाचा तीन चतुर्थांशाहून जास्त भार इथे पडतो. वझिराबादला शहर पिण्यासाठी पाणी उचलतं, त्याच्या खाली कोरड्या दिवसांत वाहतं ते मुख्यतः नाल्यांचं. सगळ्यात मोठा नजफगढ नाला. तो कधीकाळी साहिबी नदी होता. आता साधा हिशेब करा. ज्याच्या घरात जास्त पाणी येतं, त्याच्याच घरातून जास्त सांडपाणी जातं. टँकरपुढे डबे घेऊन उभी राहणारी वस्ती नदी घाण करायला पाणी आणणार कुठून?

पण बुलडोझर गेला तो तिच्यावरच. २००३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने नदीपात्रातली अतिक्रमणं हटवायला सांगितलं आणि २००४ मध्ये यमुना पुश्ता उठवला गेला. लाखाहून जास्त माणसं, त्यात दलित आणि मुसलमान मोठ्या संख्येने. काहींना शहराच्या टोकाला बवानात १८ किंवा साडेबारा चौरस मीटरचा तुकडा मिळाला, अनेकांना तोही नाही. त्याच पूरमैदानात २००५ मध्ये अक्षरधाम उघडलं, २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी क्रीडाग्राम उभं राहिलं. मार्च २०१६ मध्ये तिथेच एका गुरूंचा जागतिक सांस्कृतिक महोत्सव झाला. हरित लवादाने पाच कोटींची भरपाई भरायला सांगितली, कार्यक्रम मात्र थांबवला नाही. झोपडी असली की अतिक्रमण, मंदिर असलं की संस्कृती.

२०१७ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा-यमुनेला कायद्याने व्यक्ती ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाने काही महिन्यांत त्याला स्थगिती दिली, ते असो. गटारात उतरणारा माणूस व्यक्ती आहे हे या देशाने अजून पुरतं मान्य केलेलं नाही. २०१३ चा कायदा आहे, २०१४ चा दहा लाखांच्या भरपाईचा निकाल आहे, २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख झाली. रक्कम वाढते, माणसं उतरतच आहेत. सप्टेंबर २०१८ मध्ये दिल्लीच्या मोती नगरात एका निवासी संकुलाच्या सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पाच्या टाकीत पाच कामगार मेले. नदी वाचवायचा उपाय म्हणून प्रत्येक भाषणात सांगतात, तोच हा प्रकल्प. माझे वडील नगरपालिकेत नाले काढायचे. परिसंवादाचं सांगितलं तर त्यांनी एवढंच विचारलं, "साफ करणार म्हणतात, पण आत उतरणार कोण?" मी वाचलेल्या एकाही आराखड्यात या प्रश्नाला रकाना नाही.

पाण्याच्या शुद्धीकरणाचा आपला अनुभव जुना आहे. मार्च १९२७ मध्ये बाबासाहेबांसोबत माणसं चवदार तळ्याचं पाणी प्यायली, तेव्हा महाडच्या सवर्णांनी शेण, गोमूत्र, दूध, दही कालवलेल्या १०८ घागरी ओतून तळं 'शुद्ध' केलं. शेणाने तळं शुद्ध होतं आणि माणसाच्या ओंजळीने बाटतं, हे ज्यांना पटत होतं त्यांची नजर अजून गेलेली नाही. घाटावर आरती, दिवे, संगमरवर. आणि नाला होता तिथेच.

आपलंही थोडं चुकतं. पर्यावरण हा त्यांचा विषय, आपला आरक्षणाचा आणि अत्याचाराचा, असं आपणच मानून बसलो. माझ्या मार्गदर्शकांनी 'तुमच्या समाजावर' काम करा म्हटलं तेव्हा मीही मान डोलावली होती. सफाईची कंत्राटं कुणाला मिळतात, यंत्रं विकत घेतली ती कुठे पडून आहेत, कोणत्या वसाहतींना आजही मलवाहिनी नाही, हे माहिती अधिकारात विचारता येतं. अर्जाला दहा रुपये लागतात. विस्थापनाशिवाय आणि माणूस आत न उतरवता होणार असेल तरच नदीची सफाई, ही अट आपणच घालायला हवी.

पुढच्या महिन्यात त्याच सभागृहात पुन्हा बैठक आहे. मी जाणार आहे. दिल्लीत असाल तर या, आणि मागच्या रांगेत बसू नका.