घड्याळांचे एकमत

आमच्या हरमलच्या शाळेत तासाचा टोल कार्यालयातील भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे पडतो. हे घड्याळ चार मिनिटे पुढे आहे, हे शिपायापासून पालकांपर्यंत सर्वांस ठाऊक. पण सारी शाळा त्या एकाच घड्याळाने चालते. म्हणून सहसा काही अडत नाही. चवथीला गावी आलेला आमचा एक माजी विद्यार्थी हे ऐकून म्हणाला, "सर, आमच्या यंत्रांचे दुखणे याच्या उलट. तिथे प्रत्येकाच्या पोटात आपापले घड्याळ!"

तो बंगळुरात संगणकांच्या समूहाची देखभाल करतो. एक यंत्र बंद पडले तर दुसऱ्याने काम सांभाळावे, म्हणून एकच माहिती अनेक यंत्रांत ठेवतात. दोन नोंदींत विरोध आला, तर अशा काही प्रणालींत न्याय सरळ असतो : जिच्यावरची वेळ नंतरची, ती नोंद खरी. यंत्रातील स्फटिकाचे घड्याळ मात्र महिन्याकाठी काही सेकंद, कधी त्याहूनही अधिक, सरकते.

हे ऐकताना आम्हांस एक जुनी हकिकत आठवली. एका कचेरीत आमच्या एका विद्यार्थिनीची जन्मतारीख चुकीची नोंदली गेली. चूक लागलीच ध्यानी आली आणि शेजारच्या मेजावर ती दुरुस्तही झाली. हाती दाखला आला तो मात्र जुन्याच तारखेचा! ती पुन्हा दुरुस्त होईपर्यंत शिष्यवृत्तीची मुदत टळली. पहिल्या मेजावरचे घड्याळ पाच मिनिटे पुढे असेल, तर दोन मिनिटांनी केलेली दुरुस्ती यंत्राला 'आधीची' वाटणारच. तिथे हेच घडले असे आम्ही छातीठोकपणे म्हणत नाही. पण त्या मुलीचे डोळे आम्ही विसरलेलो नाही.

उपाय त्याने सांगितला. समूहातील प्रत्येक यंत्राला वेळेचे तेच ते आधार नेमून द्यावयाचे, आणि तेही किमान चार. दोनच असले आणि त्यांत मतभेद झाला, तर खोटा कोण हे कळत नाही. आपल्या देशात प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा आण्विक घड्याळांवर राखते; तिच्याशी किंवा राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राशी घड्याळे जुळवावीत, असा सरकारी आदेश २०२२ साली निघाला. दुसरे पथ्य असे : पुढे गेलेले घड्याळ चालत्या कामात एकदम मागे ओढू नये, त्याची गती किंचित मंद करावी. एरवी तोच क्षण दोनदा येतो आणि नोंदींचा क्रम बिघडतो.

माणसांनाही हे एकमत लवकर साधलेले नाही. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून आली. तरी तिच्या ३९ मिनिटे मागे असलेली 'मुंबई वेळ' त्या नगरीत १९५५ पर्यंत टिकून होती. आपल्या वाचकांतील वडीलधाऱ्यांनी त्या दुहेरी वेळेचे घोटाळे घरी ऐकले असतील.

पाहुणा गेल्यावर शिपायाने विचारले, "सर, आपले घड्याळ चार मिनिटे मागे घेऊ?" पेडण्याहून बसने येणाऱ्या शिक्षकांच्या नावापुढे लागणाऱ्या उशिराच्या खुणा आम्हांस आठवल्या. रोज अर्धे मिनिट मागे घे, असे आम्ही सांगितले. आज पाचवा दिवस आहे.