शून्य रुग्ण म्हणजे शून्य रोग नव्हे

केरळमध्ये निपाहचा एखादा रुग्ण आढळला की समाजमाध्यमांवर एक प्रश्न हमखास उमटतो : सगळे रोग केरळमध्येच कसे निघतात? या प्रश्नामागे कधी कुतूहल असते, कधी उपहास. साथरोगशास्त्राच्या दृष्टीने मात्र प्रश्नाची मांडणीच सदोष आहे. कोणत्याही प्रदेशातील नोंदलेली रुग्णसंख्या दोन गोष्टींवर अवलंबून असते : तेथे रोग किती आहे, आणि तो किती नेटाने शोधला जातो. दुसरी गोष्ट विसरली की जागरूक राज्य रोगट ठरते आणि बेसावध राज्य निरोगी. या गैरसमजाची किंमत अखेर रुग्णांना आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना मोजावी लागते.

भारतातील निपाहचा इतिहास याची साक्ष देतो. २००१ च्या जानेवारी-फेब्रुवारीत पश्चिम बंगालमधील सिलिगुडी येथे तीव्र ताप आणि मेंदूदाहाची साथ पसरली. ६६ जणांना बाधा झाली आणि त्यांतील बहुतेक दगावले. अनेकांना संसर्ग झाला तो रुग्णालयांतच. साथ चालू असताना तिचे नाव कोणालाच ठाऊक नव्हते. जतन केलेल्या नमुन्यांच्या तपासणीतून ती निपाहची होती हे पुढे उघड झाले आणि त्याविषयीचा शोधनिबंध २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णांना आणि परिचारिकांना या ज्ञानाचा काडीइतकाही उपयोग झाला नाही.

२०१८ च्या मे महिन्यात हाच विषाणू कोळिकोड जिल्ह्यात अवतरला. पहिला रुग्ण निदानाविनाच मरण पावला. त्याच कुटुंबातील दुसऱ्या व्यक्तीत मेंदूदाहाची लक्षणे दिसताच उपचार करणाऱ्या डॉक्टरांना वेगळाच संशय आला. नमुने मणिपालच्या प्रयोगशाळेत गेले आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने निदानावर शिक्कामोर्तब केले. तोवर दोन आठवडे उलटले होते. त्या साथीतील १७ मृत्यूंपैकी बहुतेकांना संसर्ग झाला होता तो निदानापूर्वीच्या याच दिवसांत, रुग्णालयाच्या कक्षांत आणि मार्गिकांत. पहिल्या रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका लिनी पुथुसेरी याही त्यांत होत्या. निदान झाल्यावर विलगीकरण आणि संपर्कशोध सुरू झाला आणि साथ आटोक्यात आली.

पुढील वर्षी एर्नाकुलममध्ये एक तरुण विद्यार्थी बाधित आढळला. त्याच्या संपर्कातील ३०० हून अधिक लोकांचा माग काढण्यात आला. तो बरा झाला आणि दुसरा रुग्ण उद्भवला नाही. २०२१ मध्ये कोळिकोडमधील १२ वर्षांचा मुलगा दगावला, पण संसर्ग त्याच्यापुढे गेला नाही. २०२३ मध्ये मात्र पहिला रुग्ण पुन्हा निसटला. त्याचा मृत्यू ३० ऑगस्टला झाला आणि साथ ओळखली गेली ती सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. एकूण सहा रुग्ण आढळले, दोघांचा मृत्यू झाला. केरळची यंत्रणा निर्दोष नाही, हे यावरून दिसतेच. पण विषाणू तोच, औषधोपचारांची मर्यादा तीच. तरीही सिलिगुडीच्या तुलनेत हानी कितीतरी कमी. हा फरक पडला तो रोग लवकर ओळखला गेल्यामुळे.

मग अन्य राज्यांत निपाह नाहीच काय? माणसांतील नोंदी प्रामुख्याने पश्चिम बंगाल आणि केरळ या दोनच राज्यांतील आहेत. वटवाघळांचे सांगणे मात्र निराळे आहे. पुण्याच्या संस्थेने केलेल्या पाहण्यांत महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, तमिळनाडू, बिहार, आसाम, मेघालय अशा अनेक राज्यांतील वटवाघळांत या विषाणूच्या वावराचे पुरावे मिळाले आहेत. महाबळेश्वरच्या गुहेतील वटवाघळांचाही त्यांत समावेश आहे. यावरून या राज्यांत माणसांना बाधा झालीच असेल असा निष्कर्ष काढता येत नाही. परंतु अज्ञात कारणाने झालेल्या मेंदूदाहाचे किती रुग्ण तेथे निपाहसाठी तपासले गेले, हे कळल्याशिवाय ‘आमच्याकडे निपाह नाही’ या विधानालाही आधार उरत नाही.

कोविडकाळात हीच गोष्ट आकड्यांत दिसली. २०२१ च्या जुलैअखेर देशातील दैनंदिन नव्या रुग्णांपैकी जवळपास निम्मे एकट्या केरळमध्ये नोंदले जात होते आणि राज्यावर टीकेचा भडिमार होत होता. त्याच सुमारास भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या चौथ्या राष्ट्रीय रक्तद्रव सर्वेक्षणाचे निष्कर्ष आले. प्रतिपिंडे आढळलेल्यांचे प्रमाण मध्य प्रदेशात ७९ टक्के होते, केरळमध्ये ४४.४ टक्के. ज्या राज्याची नोंद सर्वांत मोठी, तेथेच संसर्ग तुलनेने कमी लोकांपर्यंत पोहोचला होता.

रुग्णसंख्येवरून राज्यांना गुण देणे चुकीचे असेल, तर सर्वेक्षणाचा दर्जा मोजायचा कसा? याचे उत्तर भारताने पोलिओ निर्मूलनाच्या काळात स्वतःच दिले आहे. पंधरा वर्षांखालील ज्या मुलाचे हातपाय अचानक लुळे पडतील, त्याची नोंद करून शौचाचे नमुने तपासायचे, असा दंडक होता. अशा लुळेपणाची पोलिओखेरीज इतरही कारणे असतात आणि ती दरवर्षी काही मुलांत उद्भवतातच. म्हणून दर एक लाख मुलांमागे पोलिओ नसलेला लुळेपणा किमान एक तरी नोंदला गेला पाहिजे, असा जागतिक निकष ठरला. जो जिल्हा ‘एकही लुळे मूल नाही’ असे कळवी, त्याला शाबासकी मिळत नसे. तेथे चौकशी होई. भारतातील वन्य पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात आढळला आणि मार्च २०१४ मध्ये या प्रदेशाला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. त्या प्रमाणपत्रावर जगाने विश्वास ठेवला, कारण त्यातील शून्यामागे हजारो नकारार्थी तपासण्या उभ्या होत्या.

दुसरा धडा तमिळनाडूतील वेल्लोरचा आहे. तेथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे विषाणुशास्त्रज्ञ डॉ. टी. जेकब जॉन यांनी १९८० च्या दशकात तत्कालीन उत्तर अर्काट जिल्ह्यात अत्यंत साधी पद्धत उभारली. सरकारी आणि खाजगी अशा दोन्ही डॉक्टरांना छापील टपालपत्रे दिली गेली. ठरावीक आजाराचा रुग्ण दिसला की पत्र भरून टपालात टाकायचे, एवढेच काम. आलेल्या नोंदींचे सार मासिक पत्रिकेच्या रूपाने त्याच डॉक्टरांकडे परत जाई. आपण कळवलेल्या माहितीचे पुढे काय झाले हे त्यांना समजे, म्हणून ते कळवत राहिले. हा प्रयोग १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला आणि तीच पद्धत पुढे केरळच्या कोट्टयम जिल्ह्यातही राबवली गेली.

२००४ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्पाचा सांगाडा भक्कम आहे. आरोग्यसेवक लक्षणे नोंदवतात, डॉक्टर संभाव्य निदान कळवतात, प्रयोगशाळा निश्चित निदान देते. २०२१ पासून ही माहिती संगणकीय मंचावर त्वरित भरण्याची सोयही झाली आहे. उणीव आहे ती या सांगाड्यात माहिती भरणाऱ्यांच्या वर्तुळात. देशातील बहुसंख्य रुग्ण प्रथम खाजगी दवाखान्याची पायरी चढतात, आणि तेथील नोंद या व्यवस्थेत अपुरीच येते. वेल्लोरच्या टपालपत्राने जे साधले, ते केवळ संगणकाचा पडदा समोर ठेवून साधणार नाही. कळवणाऱ्याला प्रतिसाद मिळाला पाहिजे, आणि कळवल्याबद्दल त्याला झळ लागता कामा नये.

या झळेची भीती निराधार नाही. १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची वार्ता पसरताच लाखो लोकांनी शहर सोडले आणि काही देशांनी भारताशी असलेली विमानवाहतूक थांबवली. २०१८ मध्ये निपाह जाहीर होताच आखाती देशांनी केरळच्या फळे-भाज्यांवर बंदी घातली. अशा अनुभवांनंतर एखाद्या अधिकाऱ्याला ‘अज्ञात ताप’ हा शब्दप्रयोग सोयीचा वाटला तर नवल नाही. अधिक शोध घेतल्याने खोट्या धोक्याच्या सूचना वाढतील, हा आक्षेपही रास्त आहे. पण खोटी सूचना काही दिवसांत तपासून निकाली काढता येते. हुकलेली सूचना सिलिगुडीसारखी पाच वर्षांनी शोधनिबंधात भेटते.

म्हणूनच प्रत्येक राज्याच्या साथरोग अहवालात रुग्णसंख्येशेजारी आणखी तीन आकडे छापले जावेत : किती संशयितांची तपासणी झाली, त्यांतील किती नकारार्थी ठरले, आणि पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत किती दिवस गेले. हे आकडे समोर आले की राज्यांची तुलना न्याय्य होईल आणि रोग शोधणाऱ्याला दूषण देण्याची सवयही सुटेल. निपाहचा पुढचा रुग्ण कोणत्या जिल्ह्यात आढळेल हे वटवाघळे ठरवतील. तो पहिलाच राहील की विसावा होईल, हे मात्र त्या जिल्ह्यातील एखादा डॉक्टर, एखादी परिचारिका आणि त्यांचे ऐकून घेणारी व्यवस्था ठरवील.