बाळ तपासणारे हात टोल्यावरच हवेत

पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो आणि दर पावसाळ्यात ती बातमी जवळपास त्याच मथळ्याने छापून येते. बातमीत पूल असतो, अडकलेल्या गाड्या असतात, किती गावं तुटली त्याचा आकडा असतो. त्या दिवसांत एखाद्या टोल्यावर, म्हणजे आडवळणाच्या छोट्या वस्तीवर, दहा दिवसांच्या बाळाने दूध ओढणं सोडलं तर पुढे काय, हे मात्र कुठे येत नाही. गडचिरोली आणि चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात रस्ते, रुग्णवाहिका आणि जिल्ह्याच्या ठिकाणी नवजात शिशू कक्ष हवेतच, त्यावर वाद नाही. पण बाळाचा आजार ओळखणं आणि पहिला उपचार सुरू करणं ही दोन कामं गावातच झाली नाहीत, तर बाकीची सगळी व्यवस्था बाळापर्यंत उशिरा पोचते. याचा पुरावा शोधायला लांब जायला नको, तो याच मातीतला आहे.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 1995-96 मध्ये गडचिरोलीच्या 39 गावांत जन्मलेल्या 763 बाळांवर पहिले 28 दिवस लक्ष ठेवलं. त्यांपैकी जवळजवळ सगळी घरीच जन्मली होती. 54 टक्के बाळांना वैद्यकीय मदतीची गरज पडली आणि ती मिळाली अवघ्या 2.6 टक्के बाळांना. ही दरी कशामुळे? गरिबी, अंतर, रूढी ही उत्तरं खरी आहेत, पण अपुरी आहेत. तान्ह्या बाळाचा आजार फार गाजावाजा न करता येतो, हेही एक कारण आहे. मोठं माणूस कण्हतं, दुखतं तिथे हात लावून दाखवतं. बाळाचं रडणं नुसतं क्षीण होतं, अंग ढिलं पडतं, कधी ताप येण्याऐवजी ते गारच पडतं. घरच्यांना वाटतं, शांत झोपलंय. जंतुसंसर्गात अशा ‘शांत’ बाळाच्या हाती फार वेळ नसतो.

म्हणून ‘सर्च’ने गावातल्याच बायकांना बाळ तपासायला शिकवलं. त्यांचं शिक्षण पाचवी ते दहावी. ठरलेल्या दिवशी घरी जायचं, वजन करायचं, काखेत थर्मामीटर लावायचं, बाळ दूध कसं ओढतंय ते पाहायचं, नाळेला पू आहे का, छाती आत ओढली जाते का ते बघायचं. ठरवून दिलेल्या लक्षणांपैकी दोन एकदम दिसली की जंतुसंसर्ग धरून चालायचं, आणि आईवडील रुग्णालयात न्यायला तयार नसतील तर घरीच तोंडावाटे औषध आणि जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन सुरू करायचं. त्याआधी न्यूमोनियाच्या कामातही हीच रीत होती. मोजणी फार न येणाऱ्या दायांसाठी वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं साधं यंत्र बनवलं होतं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. एका मिनिटाची वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवावा लागला, तर तो न्यूमोनिया. दोन महिन्यांखालच्या बाळाचे मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास, ही जगभरातल्या डॉक्टरांची मर्यादा अशी दाईच्या बोटांत आली.

निकाल 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या गावांत हजारी 62 असलेला नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी 25.5 वर आला. तुलनेसाठी निवडलेल्या 47 गावांत तो साठच्या आसपासच राहिला. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांमधल्या मृत्यूंचं प्रमाण 16.6 टक्क्यांवरून 2.8 टक्क्यांवर उतरलं. तिथे या काळात काही मोठं रुग्णालय उभं राहिलं नव्हतं.

आता आक्षेप. पहिला असा की, तेव्हा बाळंतपणं घरी होत, आता दवाखान्यात होतात, मग घरभेटींचं काय काम? पण आई-बाळ दवाखान्यात राहतात दोन-तीन दिवस. पुढचे पंचवीस दिवस बाळ टोल्यावरच असतं. नवजात कक्षातून सुटलेलं दीड-पावणेदोन किलोचं बाळही परत त्याच घरात येतं. त्यात पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी, त्यामुळे सासरच्या गावच्या यादीत नाव असलेलं बाळ प्रत्यक्षात भलत्याच गावात असतं.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: शहरातल्या बाळाला बालरोगतज्ज्ञ आणि आदिवासी बाळाला सातवी शिकलेल्या बाईचं इंजेक्शन, हा भेदभाव नाही का? तज्ज्ञ खरोखर उपलब्ध असता तर तो भेदभावच ठरला असता. एटापल्ली, कोरची किंवा जिवतीच्या आतल्या गावात रात्री अकरा वाजता निवड असते ती शिकवलेली बाई आणि कोणीच नाही यांच्यात. आकडे सांगतात ती शिकवलेल्या बाईची बाजू. तिच्याविषयीच्या शंकेमागे पुरावा कमी आणि व्यवसायाची ऐट जास्त आहे, असं मला स्पष्टच वाटतं.

तिसरा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ध्येयवादी संस्थेने 39 गावांत जमवलं, ते सरकारला कसं जमावं? राज्यातल्या आणखी सात संस्थांनी हीच पद्धत वापरून पाहिली आणि तिथेही नवजात मृत्यू घटले, म्हणजे ती बंग दांपत्यापुरती नाही. 2011 मध्ये केंद्राने ती गावोगावच्या ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत देशभर नेली: दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला बेचाळीस दिवसांत सहा भेटी, मोबदला 250 रुपये. पण उचलताना सरकारने भेट उचलली आणि तिचं मर्म मागे ठेवलं. आशाने ओळखायचं आणि चिठ्ठी द्यायची. इंजेक्शन तिच्या हातात नाही. ‘सर्च’च्या गावांत दर पंधरा दिवसांनी डॉक्टर येऊन काम पडताळत असे, इथे पडताळणी होते ती फॉर्मची. सहाही रकाने भरले की पैसे निघतात, श्वास खरंच मिनिटभर मोजला का, हे कोणी विचारत नाही. हा आशांना दोष नव्हे. ज्यांना मोबदल्यासाठी संपावर जावं लागतं, त्यांच्याकडून आधी नोंदीच मागणारी व्यवस्था आपण उभी केली आहे.

अडचण नियमांचीही फारशी नाही. बाळाला पुढे नेणं शक्य नसेल किंवा घरचे नकार देत असतील, तर उपकेंद्रातल्या एएनएमने, म्हणजे परिचारिकेने, जेंटामायसिनचा पूर्ण कोर्स द्यावा, अशा केंद्राच्या सूचना 2014 पासून आहेत. ‘नेणं शक्य नाही’ ही देशासाठी अपवादाची परिस्थिती. आपल्या जंगल तालुक्यांत तो पावसाळा आहे. सिकलसेल या रक्ताच्या आजारातही अडचण नियमांची नाही, ओळखण्याची आहे. 2023 मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, रक्त तपासून कार्डं वाटली जातात, पण हातापायांची बोटं सुजून रडणारं वर्षाचं मूल किंवा आश्रमशाळेत तापाने फणफणलेली, डोळे पिवळे पडलेली मुलगी वेळेत ओळखायला कार्ड पुरत नाही. तिथे शिकलेली नजर लागते.

तेव्हा दोन्ही जिल्हा परिषदांनी या पावसाळ्याआधी एवढं करावं. पुराने तुटणाऱ्या प्रत्येक उपकेंद्रात जेंटामायसिन, बाळाच्या मापाच्या सिरिंज आणि चालू वजनकाटा आहे का, ते जाऊन पाहावं. आशा आणि एएनएमची उजळणी पॉवरपॉइंटवर न घेता खऱ्या बाळासमोर घ्यावी. आशांवर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तकांनी फॉर्मसोबत दर महिन्याला काही बाळं स्वतः पुन्हा तपासावीत. आणि ज्या टोल्यांवर एएनएमही पोचू शकत नाही, तिथल्या निवडक आशांना शिकवून, परीक्षा घेऊन, इंजेक्शनचा अधिकार द्यावा. गडचिरोलीत हे पंचवीस वर्षांपूर्वीच सिद्ध झालं आहे. आता लागते ती फक्त एका आदेशावरची सही.