पाटी काढा, हातमोजे द्या

ऑक्टोबर 2025. रायपूरच्या एका सरकारी रुग्णालयात नवजात बाळापाशी पाटी लावली गेली : बाळाची आई एचआयव्ही पॉझिटिव्ह आहे. आई एका वॉर्डात, बाळ दुसऱ्यात. बाळाला बघायला गेलेल्या बापाने पाटी वाचली आणि तो रडू लागला. छत्तीसगड उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, 2 लाखांची भरपाई द्यायला लावली.

पाटीची धाकटी भावंडं मात्र सगळीकडे सुखाने नांदतात. केसपेपरच्या कोपऱ्यात लाल शाईचा ठिपका, खाटेला चिकटपट्टी, 'ती केस शेवटी घ्या' अशी कॉरिडॉरभर ऐकू जाणारी सूचना. वॉर्डबॉयपासून डबा घेऊन आलेल्या जाऊबाईंपर्यंत साऱ्यांना या खुणा वाचता येतात. याला म्हणायचं 'खबरदारी'!

हटकलं की उत्तर तयार असतं : 'स्टाफच्या जिवाचं काय?' प्रश्न रास्त आहे, तेव्हा सावकाश बोलू. बाधित रक्ताची सुई टोचली तर एचआयव्हीची लागण होण्याची शक्यता हजारात साधारण 3. हेपॅटायटिस बीची, लस न घेतलेल्या माणसाला, शंभरात 6 ते 30. ही लस किती सफाई कामगारांना टोचली, याची पाटी कुठल्याच भिंतीवर दिसत नाही. शिवाय नुकतीच लागण झालेल्याची चाचणी काही आठवडे निगेटिव्ह येऊ शकते. त्याच्या खाटेला पट्टी नसते. पट्टी बघून हातमोजे चढवणारा त्याच्यापाशी उघड्या हातांनी जातो. म्हणूनच प्रत्येकाचं रक्त बाधित धरून वागायचं, असा नियम आहे. त्यासाठीची साधनं पुरवणं संस्थेवर बंधनकारक आहे, तेही 2017 च्या एचआयव्ही कायद्यानेच. प्रत्यक्षात हातमोज्यांचा खोका रिकामा असतो, मार्कर पेन मात्र कधी संपत नाही.

'मग डॉक्टरांनाही सांगायचं नाही का?' सांगा की! उपचार करणाऱ्याने उपचार करणाऱ्याला, उपचारापुरतं सांगायला कायद्याची आडकाठी नाही. लिफ्टमनचा त्यात समावेश नाही.

'आता सगळं कॉम्प्युटरवर आहे,' हे आणखी एक समाधान. सिंगापूरचंही कॉम्प्युटरवरच होतं. 2019 च्या जानेवारीत तिथल्या एचआयव्ही नोंदवहीतल्या 14,200 जणांची नावं, फोन नंबर, पत्ते फुटल्याचं जाहीर झालं. त्यासाठी कुणा हॅकरला कुलूप फोडावं लागलं नव्हतं. नोंदवही बघण्याची मुभा असलेल्या एका डॉक्टरच्या जोडीदाराकडे ती माहिती पोचली होती. वॉर्डच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रिपोर्टचा फोटो टाकणाऱ्याला तर तेवढीही यातायात नाही.

आणि ते लाडकं वाक्य : 'लाज नाही, तर लपवायचं कशाला?' हे गोव्यात विचारावं. रक्तदान करणाऱ्या डॉमिनिक डिसोझा यांच्या रक्तात विषाणू सापडला आणि 1989 मध्ये पोलीस त्यांना घेऊन गेले. म्हापशाच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात 64 दिवस एकांतवास. गुन्हा काहीच नव्हता. सुटका झाली तेव्हा गावभर कळलेलं होतं.

20 किंवा अधिक माणसं काम करणाऱ्या प्रत्येक रुग्णालयात 2017 च्या एचआयव्ही कायद्याप्रमाणे तक्रार अधिकारी नेमलेला असायला हवा. पुढच्या वेळी केसपेपर काढताना खिडकीवर त्या अधिकाऱ्याचं नाव विचारावं, आणि मागच्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने विचारावं.