चिकित्सेचे चार पाद आणि शिक्षणाच्या वेगळ्या वाटा

रामटेकचा गड मागे टाकून उत्तरेकडे गेले की देवलापारचा आदिवासी पट्टा लागतो. विदर्भातील अशा पट्ट्यांत सिकलसेल हे नाव अपरिचित नाही. हा आनुवंशिक रक्तविकार आयुष्यभर सांभाळावा लागतो आणि तो एकट्या डॉक्टरला सांभाळता येत नाही. आशाताईंनी मूल हेरायचे, तंत्रज्ञाने रक्त तपासायचे, डॉक्टरांनी हायड्रॉक्सियुरिया सुरू करायचे, औषधनिर्मात्याने पुरवठा खंडू द्यायचा नाही, वेदनेच्या झटक्यात परिचारिकेने रात्र जागवायची आणि समुपदेशकाने विवाहापूर्वीच्या तपासणीचे महत्त्व दोन्ही घरांना पटवायचे. एक कडी निसटली की भोग त्या लेकराच्या वाट्याला येतात.

ज्यांनी जन्मभर असे एकत्र काम करायचे, ते शिकताना एकत्र येतात कोठे? प्रत्येकाचे महाविद्यालय वेगळे, वसतिगृह वेगळे. पहिली भेट होते ती थेट रुग्णाच्या खाटेपाशी. तीही हुकूम देणारा आणि झेलणारा या नात्याने. मग परिचारिकेला दिसलेले धोक्याचे चिन्ह तिच्या ओठांवरच विरते.

भिन्न आरोग्यशाखांच्या विद्यार्थ्यांनी एकमेकांविषयी, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकावे, असा आराखडा जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये मांडला. आपल्याला हा विचार परका वाटू नये. वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण हे चिकित्सेचे चार पाद चरकसंहितेने केव्हाच सांगून ठेवले आहेत. त्यांत वैद्य प्रमुख खरा; परंतु एका पायावर चिकित्सा उभी राहत नाही.

आरंभ अवघड नाही. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी कुटुंब दत्तक उपक्रम २०२२ पासून आहे. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयाची गाव दत्तक घेण्याची परंपरा तर कित्येक दशकांची आहे. नागपूरच्या भावी डॉक्टरांसोबत परिचर्या, आयुर्वेद आणि भौतिकोपचाराचे विद्यार्थीही रामटेकच्या खेड्यांत त्याच उंबरठ्यावर का जाऊ नयेत? वेळापत्रके जुळत नाहीत, ही सबब टिकणारी नाही. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली या सर्व शाखा आहेत. वर्षातील एक आठवडा समान ठेवावा आणि त्या कामाला परीक्षेत गुण द्यावेत. अन्यथा त्याची सहल होईल.

रुग्ण एकच असतो. त्याच्यासाठी झटणाऱ्यांची ओळख त्याच्या खाटेपाशी पोहोचण्यापूर्वीच झालेली असावी, एवढे तरी आपण त्याचे देणे लागतो.