सगळा खेळ डाव्या हाताचा

'बूगी वूगी' म्हटलं की डोळ्यांसमोर पहिलं कोण येतं? जावेद जाफरी, बरोबर? १९९६ साली सोनीवर सुरू झालेला तो डान्स शो, टीव्हीसमोर अर्धवट पडलेला गृहपाठ आणि आईची हाक. पण मंडळी, या नावामागची खरी गोष्ट डान्सची नाहीच. ती आहे पियानोची. त्यातही पियानो वाजवणाऱ्याच्या डाव्या हाताची!

पियानोवर एरवी भाव खातो तो उजवा हात. सुरावट त्याची, नखरे त्याचे, टाळ्याही त्याच्याच. डावा हात बिचारा सपोर्ट स्टाफ. बूगी वूगीत मात्र बॉस डावा हात. तो एक छोटीशी बास लाइन पकडतो आणि तीच ती, न थकता, न चुकता वाजवत राहतो. चार मात्रांच्या एका बारमध्ये आठ ठोके, म्हणून याला म्हणतात 'एट टू द बार'. (हा बार फ्रायडे नाइटवाला नव्हे!) असे बारा बार झाले की पुन्हा पहिल्यापासून. आपलं ढोल-ताशाचं गणित आठवा. ढोलाचा ठेका पक्का असेल तर ताशाला हवी तेवढी मस्ती करता येते. इथे ढोल आणि ताशा दोन्ही एकाच माणसाच्या दोन हातांत.

ही आयडिया आली कुठून? कुठल्या म्युझिक स्कूलमधून तर नक्कीच नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला अमेरिकेत टेक्सास आणि आसपासच्या भागात लाकूडतोडीचे आणि रेल्वेच्या कामांचे कॅम्प होते. तिथे राबणारे कृष्णवर्णीय मजूर रात्री गुत्त्यावर जमायचे. तिथल्या एकाच पियानोवर सगळ्यांना नाचवायचं, तेही ड्रम आणि बासशिवाय. मग ती ड्यूटी डाव्या हाताला लागली. वाजवणारे रेल्वेने एका कॅम्पवरून दुसऱ्या कॅम्पवर जायचे, त्यामुळे रुळांची धडधडही त्या ठेक्यात आली.

पुढे ही माणसं नोकरीसाठी शिकागोसारख्या शहरांत गेली. तिथे 'रेंट पार्टी' नावाची भन्नाट सोय होती. घरभाड्याचे पैसे कमी पडले की घरातच पार्टी ठेवायची, येणाऱ्यांकडून थोडे थोडे पैसे घ्यायचे आणि पियानोवाल्याला बसवायचं. (दोन बीएचकेत पाच जण राहणाऱ्यांनी नोंद घ्यावी!)

गंमत म्हणजे या पियानोवाल्यांपैकी बरेच जण आपल्यासारखेच नोकरदार. अल्बर्ट अमन्स आणि मीड लक्स लुईस शिकागोत टॅक्सी चालवायचे. जिमी यान्सी तर बेसबॉलच्या कोमिस्की पार्क मैदानाची देखभाल करायचा, तेही तब्बल पंचवीस वर्षं. पाइनटॉप स्मिथने २९ डिसेंबर १९२८ला केलेल्या रेकॉर्डवर 'बूगी वूगी' हे नाव झळकलं आणि या प्रकाराचं बारसंच झालं. अडीच महिन्यांनी एका डान्स हॉलमधल्या भांडणात गोळी लागून तो गेला. वय फक्त २४.

मग आला जॉन हॅमंड नावाचा एक जिद्दी निर्माता. लुईसची एक जुनी रेकॉर्ड ऐकून तो त्याला वर्षानुवर्षं शोधत होता. अखेर १९३५ साली लुईस सापडला. कुठे? शिकागोत, गाड्या धुताना! २३ डिसेंबर १९३८ला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये लुईस, अमन्स, पीट जॉन्सन आणि गायक बिग जो टर्नर रंगमंचावर होते. त्यानंतर अमेरिकेला बूगी वूगीचा जो फीव्हर चढला, तो विचारू नका. मोठमोठ्या बँड्सनी तो उचलला, अँड्र्यूज सिस्टर्सनी १९४१ साली त्यावर सुपरहिट गाणं दिलं आणि मोंद्रियान या चित्रकाराने तर 'ब्रॉडवे बूगी वूगी' नावाचं अख्खं पेंटिंग केलं.

युद्ध संपलं, फॅशन ओसरली. पण डावा हात थांबला नाही. तो गिटारवर गेला. आर्थर स्मिथने १९४५ साली 'गिटार बूगी' वाजवलं आणि कंट्री म्युझिकवाले खूश झाले. १९४८ साली जॉन ली हुकरने ब्लूजमध्ये आपली वेगळीच बूगी आणली. चक बेरीची गिटार तर जॉनी जॉन्सनच्या पियानोशेजारी बसून घडली. रॉक अँड रोलची जी गिटार आपण एअर गिटार म्हणून वाजवतो ना, तिच्या खालच्या तारांवर पियानोचा डावा हातच चालू असतो. त्याच रॉक अँड रोलच्या लाटेवर १९५७ साली आपल्या सी. रामचंद्रांनी 'ईना मीना डीका' केलं. डिस्कोपर्यंत येता येता मात्र 'बूगी' या शब्दाचा अर्थ फक्त 'नाचा' एवढाच उरला. पियानो गायब!

आणि माणसं? १९५३ साली कार्नेगी हॉलवाला पीट जॉन्सन बफेलो शहरात एका आइस्क्रीम कंपनीचे ट्रक धूत होता. पुढच्याच वर्षी त्याचा जुना साथीदार टर्नर याचं 'शेक, रॅटल अँड रोल' आलं, लगेच बिल हेलीनेही ते गायलं आणि रॉक अँड रोलची गाडी सुसाट सुटली. ज्या इंजिनावर ती धावली ते बनवणाऱ्यांपैकी एकाच्या हातात तेव्हा पाण्याचा पाइप होता.

इयन स्टुअर्टचं तर आणखी भारी. रोलिंग स्टोन्सच्या संस्थापकांपैकी एक आणि बूगी वूगीचा वेडा. १९६३ साली मॅनेजरने त्याला 'दिसायला शोभत नाही' म्हणून फोटोतून बाहेर काढलं. हा पठ्ठ्या तरीही राहिला. सामान वाहिलं, पियानो वाजवला, तेही १९८५ साली मरेपर्यंत. १९८९ साली बँडचा रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला, तेव्हा त्याचंही नाव त्यात होतं.

आपल्या पानात चटणी-कोशिंबीर डावीकडे वाढतात. तिच्यासाठी कुणी खास जेवायला येत नाही, पण ती नसेल तर जेवण अळणी. प्रत्येक ऑफिसातही असा एखादा डावा हात असतो. प्रेझेंटेशन दुसराच करतो, एक्सेल शीट मात्र रात्री अकराला याने पूर्ण केलेली असते. तुमच्या टीममधला तो किंवा ती कोण, हे तुम्हाला बरोबर माहितीये.

आज घरी जाताना हेडफोन लावा आणि मीड लक्स लुईसचं 'हाँकी टाँक ट्रेन ब्लूज' ऐका. उजवा हात लक्ष वेधून घेणारच, त्याचं कामच ते. पण पहिलं अर्धं मिनिट त्याच्याकडे कानाडोळा करा आणि फक्त डावा ऐका. आपोआप पाय हलायला लागला, तर तो कुणामुळे, हे लक्षात ठेवा.